अभ्यासातून उठल्यावरची ४५ मिनिटं : 'द नेक्स्ट जनरेशन' आठ महिने पाहिल्यानंतर

इंदूरला भंवरकुआँच्या अभ्यासिकांमध्ये दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्यांसाठी हा अनुभव. रात्री मेसचं जेवण झालं की वाचलेलं आत शिरत नाही, पण झोपेलाही वेळ असतो. त्या वेळात छोटे व्हिडिओ सरकवत बसलं तर तास जातो आणि थकवा तसाच राहतो. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही एका अंतराळयानावर घडणारी जुनी अमेरिकी मालिका इथे खरोखर कामी येते. कारण अंतराळयान नाही, त्यातली माणसं.

१९८७ ते १९९४, सात पर्वं, १७८ भाग, प्रत्येक भाग साधारण ४५ मिनिटांचा. आठवड्याला पाच धरले तर ३६ आठवडे पुरते. बहुतेक भागांत कुणा एकापुढे पेच उभा राहतो आणि त्याच रात्री सुटतो, त्यामुळे सकाळी पुस्तक उघडताना डोक्यात काही लोंबकळत नाही. शिवाय माणसं ओळखीची झाल्यावर नवीन काही लक्षात ठेवावं लागत नाही. यानावरचा तापट योद्धा वर्फ कशावर चिडेल, कप्तान पिकार्ड कुठे गप्प राहील, हे आपोआप कळू लागतं. दिवसभर घोकून थकलेल्या डोक्याला हवं असतं ते हेच.

सुरुवात मात्र पहिल्या पर्वापासून नको. ते कच्चं आहे, पात्रं अजून लेखकांच्याच हाती लागलेली नाहीत. आधी दुसऱ्या पर्वातला नववा भाग, 'द मेझर ऑफ अ मॅन', पाहावा. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळ दलाची मालमत्ता की स्वतःचा धनी, यावर सुनावणी होते आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची वेळ त्याच्याच सोबत्यावर, रायकरवर येते. हा आवडला तर तिसऱ्या पर्वापासून सलग जावं. दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग खुशाल गाळा, तो जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून केलेला आहे.

पाचव्या पर्वातला दुसरा भाग, 'डारमॉक', मराठी माणसाला विशेष भिडेल. तिथले परके लोक फक्त आपल्या पुराणकथांचे दाखले देत बोलतात. यंत्र शब्दांचं भाषांतर करतं, अर्थ कळत नाही. आपण 'ध चा मा केला' किंवा 'पार पानिपत झालं' म्हणतो, तेव्हा गोष्ट माहीत नसलेल्याची हीच गत होते. पिकार्डला ती भाषा शब्दकोशातून उमगत नाही, समोरच्यासोबत एका संकटाला तोंड दिल्यावर उमगते. ४५ मिनिटांत इतकं सांगणारा भाग विरळा.

त्याच पर्वातला पंचविसावा, 'द इनर लाइट', मात्र शनिवारसाठी राखून ठेवा. त्यात पिकार्ड काही मिनिटांत एक अख्खं आयुष्य जगतो, संसार करतो, म्हातारा होतो. त्यानंतर गणितं सोडवायला बसणं जमत नाही, माणूस तिथेच रेंगाळतो.

अडचण येते ती पर्वांच्या शेवटी. तिसरं, चौथं, पाचवं आणि सहावं ही चारही पर्वं ऐन पेचात थांबतात. उरलेली गोष्ट पुढच्या पर्वाच्या पहिल्या भागात आहे. असा शेवट सोमवारी रात्री लावला की ४५ मिनिटांची ९० होतात आणि दुसऱ्या दिवशीची उजळणी बुडते. हे जोडभाग रविवारी दुपारी एका बैठकीत संपवावेत. नावापुढे 'भाग १' दिसला की तोही रविवारच्या यादीत.

ॲपमधलं ऑटोप्ले पहिल्याच दिवशी बंद करा. श्रेयनामावली संपायच्या आत पुढचा भाग सुरू झाला की उठवत नाही. साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी डेटा जातो, एचडीला ३ जीबीपर्यंत. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये साधा दर्जा ठेवूनही एक भाग निम्मा पॅक खातो, म्हणून आठवड्याचे पाच भाग वायफायवर आधीच उतरवून ठेवावेत. पाचच उतरवले की मर्यादाही आपोआप पाळली जाते. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, कारण तांत्रिक शब्द भराभर येतात. सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जायचा बेत असेल त्या रात्री भाग नको, दोन्ही केलं की झोप जाते.

दुसऱ्या मालिकांचं काय? 'डार्क' उत्तम आहे, पण २६ भागांत चार घराणी, वेगवेगळे काळ, एकाच माणसाची निरनिराळी वयं. त्यासाठी कागद-पेन घ्यावं लागतं, म्हणजे दिवसभर राबलेलं डोकं पुन्हा त्याच कामाला. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या पहिल्याच नियमित भागात दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो आणि सगळे दिवसेंदिवस जागे असतात. अपुऱ्या झोपेत तो पाहिला तर छातीवर दडपण येतं. या दोन्ही परीक्षेनंतर पाहाव्यात.

'फायरफ्लाय'चे जेमतेम १४ भाग आहेत, म्हणून ती दोन परीक्षांमधल्या मोकळ्या पंधरवड्यात बसते. २००२ मध्ये वाहिनीने भाग उलटसुलट क्रमाने दाखवले होते, तेव्हा यादी तपासून घ्या : 'सेरेनिटी' हा दुप्पट लांबीचा भाग आधी, 'द ट्रेन जॉब' त्यानंतर. उलट झालं तर त्यातल्या अंतराळजहाजावर कोण कशासाठी आलंय तेच कळत नाही, आणि तिची सगळी गोडी त्यातच आहे.