फळमाशीचा सापळा घेताना आतली ल्यूर बघून घ्या

गेले दोन हंगाम कलिंगडाला फळमाशीचे कामगंध सापळे लावतोय. पिवळं झाकण, पारदर्शक डबा, आत टांगलेली ल्यूरची, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या वासाची, वडी. वस्तू चांगली आहे, पण पहिल्या वर्षी माझे सापळेही भरले आणि फळंही सडली.

डब्यात रोज माशा सापडायच्या, म्हणून मी निर्धास्त होतो. इकडे लिंबाएवढ्या फळांवर सुई टोचल्यासारखे डाग, त्यावर डिंकाचा थेंब. एक फळ चिरलं तर आत सगळं सडून पाणी झालेलं, आणि पांढऱ्या अळ्या अंगाची कमान करून टुणकन उड्या मारत होत्या. मग डब्यातल्या माशा तळहातावर घेऊन नीट बघितल्या. पंख स्वच्छ, कडेला नुसती बारीक काळपट रेघ. ही आंबा-पेरूवरची फळमाशी! वेलवर्गीय पिकांवरच्या माशीच्या पंखाच्या टोकाला ठळक तपकिरी डाग असतो. मला मिळालेली वडी मिथाइल युजेनॉलची होती, आणि कलिंगडाची माशी तिच्याकडे फिरकत नाही. तिला क्यू ल्यूरच लागते. डबा दोन्हींना तोच असतो, त्यामुळे पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

यंदा क्यू ल्यूर लावली. एकरी दहा डबे, वेलीच्या वर हातभर उंचीवर, मादी फुलं दिसायच्या आधीच. डागी फळं खूपच कमी निघाली. वडी बसवताना हातमोजे घाला. तिचं तेल डब्याला बाहेरून लागलं तर माशा आत न जाता बाहेरच बसून राहतात.

मात्र यात फक्त नर सापडतात. बाहेरून अंडी घालायला आलेली मादी डब्याकडे येतच नाही. म्हणून डागी फळ वेचणं चुकत नाही. मी एक दिवसाआड वेचून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो आणि उन्हात ठेवतो. बांधावर फेकलं तर अळी फळातून निघून मातीत कोषात जाते आणि तीच माशी होऊन पुन्हा प्लॉटमध्ये येते.

मला सर्वांत मोठा फायदा वाटला तो मधमाश्यांचा. कलिंगडाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात मधमाशी पुरेशा वेळा बसली नाही तर फळ वाकडं होतं किंवा गळतं. फळमाशीसाठीच्या फवारण्या यंदा कमी झाल्या, आणि जी करावी लागली ती संध्याकाळी केली. सकाळी प्लॉटमध्ये गुणगुण ऐकू यायची, सेटिंगही (फळधारणा) एकसारखं झालं.

तक्रार एकच, टांगायची तार फार हलकी आहे. वाऱ्यात तीन डबे खाली पडले, शेवटी बांधायची तार दुहेरी करून लावली. आणि फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर या सापळ्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी चिकट सापळे वेगळेच लावावे लागतात.

पाचपैकी चार.