चोवीस फलकांतले राधाकृष्णन

शिक्षक दिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या शाळेच्या ग्रंथालयाने गेल्या ऑगस्टमध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या चरित्राचा २४ फलकांचा तयार संच मागवला. किंमत १,८०० रुपये आणि टपालखर्च वेगळा. शाळेच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात वाचनकोपऱ्यात पंधरा-वीस पुस्तके येतात. संच महिनाभर व्हरांड्यात राहिला आणि मुलांनी तो कसा वाचला हे रोज पाहता आले, म्हणून खरेदीच्या विचारात असलेल्या इतर शाळांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

वस्तू म्हणून संचाला नाव ठेवायला फारशी जागा नाही. फलक जाड कागदावर छापून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेले आहेत, वरच्या कोपऱ्यांना धातूची आयलेट बसवलेली आहेत, त्यामुळे सुतळी ओवून ते सरळ टांगता येतात. सप्टेंबरच्या पावसात एकही फलक फुगला नाही. अक्षर एवढे ठसठशीत आहे की सहावीतले मूल चार पावलांवरून वाचते. लॅमिनेशन मात्र चकचकीत असल्याने दुपारी पश्चिमेकडून उजेड आला की निम्मा मजकूर दिसेनासा होतो.

खरी अडचण भाषेची आहे. मजकूर हिंदीवरून घाईघाईने मराठीत आणल्याचे तिसऱ्याच फलकावर कळते, कारण तेथे राधाकृष्णन यांनी वेल्लोरला आणि मद्रासला ‘उच्च शिक्षा घेतली’ असे छापले आहे. पुढे तर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये सोळा वर्षे ‘शिक्षा दिली’. आमच्या सातवीच्या मुलांनी त्या फलकापुढे जो आनंद लुटला तो संचकर्त्यांनी पाहायला हवा होता. विद्यापीठ शिक्षण आयोगाचेही ‘विश्वविद्यालय शिक्षा आयोग’ झाले आहे. शेवटी शिक्षकांनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून अकरा ठिकाणी ‘शिक्षण’ चिकटवले. मराठी आवृत्ती म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर गिऱ्हाइकाला ही मेहनत करावी लागू नये.

भाषेचा हा अडथळा ओलांडला, तर तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंतचे फलक उत्तम आहेत. १८८८ मध्ये तिरुत्तणी येथे बेताच्या परिस्थितीतल्या तेलुगू कुटुंबात जन्मलेला मुलगा तत्त्वज्ञानाकडे कसा वळला, याचे उत्तर येथे भाबडेपणाने दिलेले नाही. नात्यातल्या एका पदवीधर भावाची वापरलेली क्रमिक पुस्तके मिळाली, ती तत्त्वज्ञानाची निघाली आणि तोच विषय घेतला गेला, असे फलक सांगतो. पुस्तकपेढीतून पुस्तके नेणाऱ्या मुलांना ही गोष्ट लगेच भिडली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात मिशनरी प्राध्यापकांकडून होणारी हिंदू विचारांवरची टीका ऐकून हा विद्यार्थी दुखावला, परंतु चिडून न थांबता आपल्याच परंपरेच्या अभ्यासाला लागला आणि १९०८ मध्ये एम. ए. साठी त्याने वेदान्तातील नीतिविचारावर प्रबंध लिहिला, हा भाग तर पूर्ण फलकभर आहे. अपमानाचे उत्तर अभ्यासाने देण्याची ही घटना त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची किल्ली आहे, आणि संचाने तिला दिलेली जागा योग्यच आहे.

म्हैसूरचा फलक सर्वांत देखणा. १९२१ मध्ये महाराजा कॉलेज सोडून ते कलकत्ता विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली गाडी घोडे न जुंपता स्वतः स्टेशनापर्यंत ओढत नेली, हा प्रसंग रेखाचित्रात दाखवला आहे. चित्रकाराने गाडीतल्या प्राध्यापकाचा चेहरा अवघडलेला, काहीसा लाजलेला काढला आहे. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी असा निरोप मिळालेला माणूस असाच दिसेल, असे मला वाटले.

यानंतर घसरण सुरू होते. चौदाव्या फलकावरील एका चौकटीत ते ‘ऑक्सफर्डमध्ये शिकले’ असे आहे. ते तेथे विद्यार्थी म्हणून कधीच नव्हते. १९३६ ते १९५२ या काळात ते तेथे पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र या विषयांचे स्पाल्डिंग प्राध्यापक होते. वसाहतीतून आलेला अध्यापक राज्यकर्त्यांच्या विद्यापीठात शिकवायला उभा राहतो, या घटनेचे सारे मोल त्या एका क्रियापदाने घालवले आहे.

त्यांच्या भारतीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचे दोन खंड १९२३ आणि १९२७ मध्ये आले, एवढे संच सांगतो. दुसऱ्या खंडात आपल्या प्रबंधातील मजकूर उचलल्याचा आरोप जदुनाथ सिन्हा या संशोधकाने १९२९ मध्ये केला, दोन्ही बाजूंनी दावे दाखल झाले आणि १९३३ मध्ये ते न्यायालयाबाहेर मिटले, याचा उल्लेख कोठेही नाही. शाळेच्या भिंतीवर हे लावावे की नाही, याबद्दल आमच्या शिक्षकखोलीतही मतभेद झाले. माझे मत असे की नववी-दहावीच्या मुलांना दोन ओळींत, निवाडा न करता, हे सांगता येते. उतारा घेतला तर नाव लिहावे हे आपण त्यांना प्रकल्पवहीत रोज शिकवतोच.

सर्वांत मोठी निराशा मुत्सद्दी राधाकृष्णन यांच्याबाबत होते. तत्त्वज्ञ राजकारणात गेला, या एका वाक्यावर संचाची जाहिरात उभी आहे, आणि नेमका तोच भाग पदांच्या यादीत आटोपला आहे: आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू, बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू, राजदूत, उपराष्ट्रपती, राष्ट्रपती. प्रत्येक पदापुढे साल आणि खाली तोच फेटा, तोच चष्मा. मालवीयजींनंतर १९३९ मध्ये बनारसची धुरा घेतलेल्या या कुलगुरूला १९४२ च्या चळवळीत विद्यापीठ वाचवण्यासाठी सरकारशी किती झगडावे लागले, याचा मागमूस नाही. मॉस्कोला तर एकच ओळ मिळाली आहे. त्यांच्या आधीच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांना स्टालिन यांची भेट मिळाली नव्हती. राधाकृष्णन यांना ती जानेवारी १९५० मध्ये मिळाली आणि एप्रिल १९५२ मध्ये निरोपाच्या वेळी पुन्हा मिळाली. शिवाय राजदूत असतानाही ऑक्सफर्डचे अध्यापन त्यांनी सोडले नव्हते. क्रेमलिन आणि ऑक्सफर्डचा वर्ग एकाच माणसाच्या दिनदर्शिकेत होते, यावर एक फलक सहज झाला असता.

राष्ट्रपतिपदाच्या पाच वर्षांचेही तसेच. १९६२ ते १९६७ हा काळ चीनच्या युद्धाने सुरू झाला, पाकिस्तानशी युद्ध त्यातच झाले आणि दोन पंतप्रधान पदावर असताना निवर्तले. संचात मात्र त्या काळातली गोष्ट एकच: वाढदिवस साजरा करण्याऐवजी तो दिवस शिक्षक दिन म्हणून पाळावा असे त्यांनी सुचवल्याची. ती असावीच, परंतु ती प्रत्येक मुलाला भाषणाच्या पहिल्या परिच्छेदातून पाठ आहे.

मराठी आवृत्ती काढताना आणखी एक सोपी संधी हुकली. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले ते राधाकृष्णन राष्ट्रपती असताना. आणि १९३६ च्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञानावरील संग्रहात, ज्याचे राधाकृष्णन सहसंपादक होते, निंबाळचे गुरुदेव रा. द. रानडे यांचा लेख आहे. हिंदीवरून शब्द बदलत बसण्यापेक्षा असा एखादा फलक नव्याने लिहिला असता, तर आवृत्तीला मराठी म्हणण्यात अर्थ होता.

पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी, दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवण्याची तयारी असेल, तर हा संच घ्यायला हरकत नाही. निम्मे फलक सुटे मिळत असतील तर पहिले बारा घ्यावेत. वरच्या वर्गांसाठी मी तो पुन्हा मागवणार नाही. विक्रेत्याला आम्ही चुकांची यादी पाठवली. उत्तर विनम्र आले, पुढच्या छपाईत पाहू असे त्यात होते.

चोविसाव्या फलकावर हार घातलेला फोटो आणि शुभेच्छांशिवाय काही नव्हते, म्हणून त्यावर आम्ही दहावीच्या मुलांच्या अक्षरातला एक कागद लावला. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी वीस महिन्यांत ज्यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली त्यांची नावे त्यावर क्रमाने होती: मे १९६४, गुलझारीलाल नंदा, जून १९६४, लालबहादूर शास्त्री, जानेवारी १९६६, पुन्हा गुलझारीलाल नंदा, त्याच महिन्यात इंदिरा गांधी. संपूर्ण प्रदर्शनात मुले सर्वांत जास्त वेळ थांबली ती याच कागदापुढे, आणि आठवीतली एक मुलगी नंदांचे नाव चुकून दोनदा लिहिले गेले आहे असे सांगायला ग्रंथालयात आली.