डोक्याला करंट लावायचं मशीन, सात महिन्यांनंतर : माझा अनुभव

मी अमळनेर तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे, विभागीय परीक्षेचा अभ्यास चालू होता आणि दिवसभर पोरांसोबत राहून रात्री काहीच डोक्यात शिरत नव्हतं म्हणून टीडीसीएसचं, म्हणजे डोक्त लक्ष लागावं म्हणून डोक्याला बाहेरून हलका करंट देणारं, मशीन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून एक डाव्या कपाळावर वरच्या बाजूला अन् एक उजव्या भुवईवर, रबरी पट्टा आवळायचा, 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं. बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, शॉक ट्रीटमेंट वेगळी, तिथे करंट शेकडो मिलिअँपिअर असतो आणि भूल देऊन करतात, इथे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर काम चालतं. तरी आई पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली, "डोकाले करंट कोन लावस रे भाऊ!"

सुरुवातीला मुंग्या येतात, खाज येते, एकदम चालू केलं तर डोळ्यासमोर चमकतं. पहिले दोन महिने मी खरंच खूश होतो. वहीत रोज लिहायचो, वीस मिनिटं झाली की लगेच बुद्धिमत्तेचे वीस प्रश्न सोडवायचे, आणि आकडे हळूहळू वर चालले होते, मी शाळेत दोघांना घ्यायलाही सांगून बसलो होतो.

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे पारा 44 च्या पुढे, त्यात दुपारी लाईट गेलेली, पंखा बंद. स्पंज दहा मिनिटांत कडेने वाळायला लागला, मला वाटलं नेहमीचीच खाज आहे, तसाच बसून राहिलो. काढलं तेव्हा भुवईच्या वर हरभऱ्याएवढा तपकिरी डाग, दाबला तर कडक. स्पंज वाळला की करंट सगळ्या स्पंजातून न जाता जिथं ओल उरलीय तेवढ्याच जागेतून जातो आणि तिथली कातडी भाजते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नव्हती, याचा मला आजही राग आहे. डाग जायला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांत मशीन बंद होतं तर मी वाचत बसलो. हे सगळं नव्याने सुरू झालं ते 2000 साली जर्मनीत गॉटिंगनला, नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी दाखवलं की एवढ्याशा करंटने हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागाची उत्तेजितता कमी-जास्त होते. ते खरंच आहे. पण त्यावरून थेट अभ्यास चांगला होतो हे कोणी सिद्ध केलं? 2015 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी निरोगी लोकांवरचे एका सेशनचे अभ्यास एकत्र तपासले तर आकलन-स्मरणावर भरवशाचा परिणाम सापडला नाही, त्यांच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतलेत हेही खरं. आणि कातडी-कवटीतच बराचसा करंट अडतो. मला जास्त लागलं ते 2013 चं ऑक्सफर्डचं काम, मेंदूच्या एका जागी करंट दिला तर नवीन अंक शिकणं सुधारलं पण शिकलेलं आपोआप आठवणं बिघडलं, दुसऱ्या जागी उलटं. म्हणजे एकीकडून मिळतं तर दुसरीकडून जातं, आणि आपण घरी बसून मोजतो फक्त एकच बाजू.

मग बायकोला सांगितलं, बटण तुझ्या हातात. नाणं उडवायचं, छापा आला तर पूर्ण चालू, काटा आला तर अर्ध्या मिनिटाने हळूच शून्यावर आणायचं, मला सांगायचं नाही. सुरुवातीच्या मुंग्या दोन्हीकडे सारख्याच येतात म्हणून कळत नाही, प्रयोगशाळेतही असंच करतात. चोवीस दिवस केलं, स्पंज दर पाच मिनिटांनी ड्रॉपरने ओले करत. चालू की बंद हे मी तेराच वेळा बरोबर ओळखलं, आणि तिची वही माझ्या वहीशेजारी ठेवली तर बंदच्या दिवसांचे मार्क चालूच्या दिवसांपेक्षा कणभर जास्तच होते. चोवीस दिवसांवरून जगाबद्दल बोलता येणार नाही, माझ्यापुरतं मात्र कळलं. पहिल्या दोन महिन्यांत वाढलेले मार्क सरावाचे होते, आणि मोबाईल लांब ठेवून, दार लावून वीस मिनिटं गप्प बसायचो त्याचे.

ज्यांना फिट येतात, डोक्यात धातू बसवलाय किंवा पेसमेकर आहे त्यांनी लांबच राहा. डिप्रेशनसाठी डॉक्टर देतात ती गोष्ट वेगळी, तिथे माप आणि लक्ष ठेवणारं माणूस असतं.

परवा चाळीसगावहून भाचा आला, नीटची तयारी करतोय, सतरा वर्षांचा. मामा ते मशीन दे ना म्हणे महिनाभर. कपाळावरची जागा दाखवली, दोन्ही वह्या त्याच्यापुढे ठेवल्या, तो आकडे मिळवत बसला आणि मशीन मी बॅटरी काढून लोखंडी कपाटात टाकलं.