डेल्रिन सांगून नायलॉन: सुकाणूच्या कामात आम्हाला कसं गंडवलं

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मुंबईतल्या बहुतेक बोटी वर घेतलेल्या असतात. भाऊचा धक्का, ससून डॉक, वर्सोवा, मढ, कुठेही जा. फायबरवाला, लेथवाला, वेल्डर, सगळ्यांकडे एकदमच गर्दी. नारळी पौर्णिमेच्या आसपास प्रत्येकाला बोट पाण्यात हवी असते, त्यामुळे कामाकडे नीट बघायला कुणाला सवड नसते. या घाईवर जगणारे काही ठेकेदार आहेत. त्यातल्या एकाने आमच्याकडून १ लाख ८० हजार रुपये घेतले. त्याचं नाव इथे देत नाही. हेच काम उद्या दुसरा कुणी करेल, म्हणून नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

आमची बोट मामेभावाच्या आणि माझ्या भागीदारीत आहे. गळाने मोठा मासा धरण्याची हौस असलेल्या लोकांना आम्ही खांदेरी बेटाच्या पश्चिमेला नेतो. फायबरची बोट, दोन डिझेल इंजिनं, दोन पंखे, दोन सुकाणू. सुकाणूचा शाफ्ट बोटीच्या तळातल्या नळीतून आत येतो. तिथे खालचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती बांगडीसारखी नळी, आणि पाणी अडवणारा ग्लँड असतो. शाफ्टचं वरचं टोक एका आडव्या फळीवरच्या दुसऱ्या बुशात धरलेलं असतं. बाहेरून ही फळी कुणाला दिसत नाही, पण सगळा मार तीच खाते. सुरमई किंवा कुप्पा लागला आणि दोरी रिळावरून संपत आली की कप्तान बोट मागे घेऊन माशाच्या दिशेने जातो. तेव्हा पाणी सुकाणूवर उलट्या बाजूने आदळतं. पात्याचा जास्त भाग शाफ्टच्या मागे असल्यामुळे पातं एका बाजूला उलटू बघतं आणि शाफ्ट पहारीसारखा वरच्या बुशाला उचकटतो. म्हणून गळाच्या बोटीत वरचा आधार जराही हलता कामा नये.

आमच्या जुन्या गनमेटलच्या बुशांत खेळ आला होता आणि ग्लँडमधून पाणी थेंब थेंब येत होतं. ठेकेदाराने बघून सांगितलं, "शेठ, गनमेटलचा जमाना गेला. डेल्रिन टाका, शाफ्ट तीनशे सोळाचा टाका, फळी मरीन प्लायची नवीन करू. दहा वर्षं बघायला नको." डेल्रिन हे एक टणक प्लास्टिक, आणि तीनशे सोळा हा स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार. डेल्रिन खरंच चांगलं, त्यात त्याने खोटं काही सांगितलं नाही. व्हॉट्सॲपवर त्याने दर पाठवला, त्यातही 'डेल्रिन बुश, ३१६ शाफ्ट, मरीन प्लाय' असंच लिहिलं होतं. शेवटच्या बिलात मात्र 'बुश ४ नग, एसएस शाफ्ट २ नग, फायबर काम' एवढंच आलं. ग्रेड लिहा म्हटलं तर म्हणाला, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी जागाच नाही! जाताना जुने बुश 'भंगार' म्हणून पिशवीत टाकून घेऊन गेला. गनमेटलमध्ये तांबं आणि कथील असतं, भंगारातही त्याला चांगला भाव येतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आमचं चाक तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिकने, सुकाणू फिरवतं. बोट उतरवली तेव्हा ते अगदी हलकं फिरत होतं. मग हळूहळू जड व्हायला लागलं. फोन केला तर उत्तर तयार होतं: "हायड्रॉलिकमध्ये हवा शिरलीय." त्याने माणूस पाठवला, तेल बदललं, हवा काढली, साडेसहा हजार वेगळे घेतले. पुढच्या उधाणाच्या दिवसांत गिऱ्हाइकं घेऊन बाहेर असताना सुकाणू एका बाजूला अडकून बसलं. दोन इंजिनं होती म्हणून निभावलं. एकाचा वेग वाढवत, दुसऱ्याचा कमी करत कप्तानाने बोट कुलाब्याच्या टोकाजवळचे प्राँग्सचे खडक लांब ठेवून आत आणली. एका इंजिनाची बोट असती तर टो मागावा लागला असता, तोही मोठ्या जहाजांच्या वाटेत.

धक्क्यावर एक वयस्कर तांडेल आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी चाकाला हातही लावला नाही. म्हणाले, "आधी पिस्टन सोडव रे. मग सुकाणू हाताने फिरवून बघ." हायड्रॉलिकचा सिलिंडर टिलरच्या, म्हणजे शाफ्ट फिरवणाऱ्या, दांड्यापासून सोडवला, दोन सुकाणूंना जोडणारा दांडा काढला आणि एकेक सुकाणू वेगळं फिरवून पाहिलं. डावं कसंबसं हललं, उजवं दोघांनी जोर लावूनही हलेना. म्हणजे हायड्रॉलिकचा काही संबंधच नव्हता. हायड्रॉलिकवर बोट दाखवणाऱ्या प्रत्येक मेकॅनिककडून आधी ही चाचणी करून घ्या. पान्याशिवाय काही लागत नाही आणि काही मिनिटांत उत्तर मिळतं.

बोट पुन्हा वर घेतली, बुश काढून व्हर्नियर लावला. भोक मापापेक्षा लहान झालं होतं. तेव्हा शंका आली की हे डेल्रिन नसून नायलॉन असावं. नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात राहिलं तर आपल्या वजनाच्या ८-९ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं आणि फुगतं. बाहेरून धातूच्या घरात घट्ट बसवलेला असल्यामुळे बुशाला बाहेर फुगता येत नाही, तो आत फुगतो आणि शाफ्टला आवळतो. डेल्रिन म्हणजे ॲसिटल. ते १ टक्क्याच्या आतच पाणी घेतं, म्हणून सुकाणूच्या बुशाला ते चालतं. दोन्ही पांढरी, दोन्ही गुळगुळीत, लेथवर दोघांचाही कीस पांढराच. कोरडं असताना नुसतं बघून मीच काय, लेथवालाही छातीठोक सांगू शकणार नाही.

पण मिठाच्या पाण्यात फरक लगेच दिसतो. काचेच्या ग्लासात मीठ विरघळवत जा. तळाशी मीठ उरायला लागलं की थांबा, साधारण १०० मिलीला ३६ ग्रॅम जातं. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. नायलॉन १.१४ चं, ते तरंगतं. डेल्रिन १.४२ चं, ते सरळ तळाला जातं. साध्या पाण्यात मात्र दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच. यूएचएमडब्ल्यू नावाचं तिसरं पांढरं प्लास्टिकही बुशाला वापरतात. ते पाणी जवळजवळ घेतच नाही आणि साध्या पाण्यावरही तरंगतं. तुकडा सलग असावा, त्याला बुडबुडा चिकटलेला नसावा. काच भरलेल्या नायलॉनला ही चाचणी लागू होत नाही, ते जड असतं. आमच्या चारही बुशांचे तुकडे मिठाच्या पाण्यावर आले. ठेकेदाराला व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

एकदा शंका आल्यावर शाफ्टही तपासायला दिला. काम चालू असताना या गृहस्थाने शाफ्टला लोहचुंबक लावून दाखवला होता: "बघा शेठ, चिकटत नाही. तीनशे सोळा!" ही नाटकाची सगळ्यात जुनी कला. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही, तेव्हा चुंबकाने ३१६ ठरत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते नसतं. समुद्राच्या पाण्यात खड्डे पडण्यापासून वाचवण्यात त्याचा मोठा हात असतो. बुशाच्या आत पाणी साचतं, तिथे ऑक्सिजन मिळत नाही, आणि स्टेनलेस पहिल्यांदा तिथेच खड्डे धरतो. एक्स-रे गनने धातूची रचना सांगणाऱ्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. आमच्या अहवालात क्रोमियम आणि निकेल ३०४ एवढं निघालं, मॉलिब्डेनम नावापुरतंही नाही. लेथवर माल जाण्याआधी दांड्याचा तुकडा अशा प्रयोगशाळेत न्या. एक शाफ्ट घडवण्याच्या खर्चापुढे ही फी किरकोळ आहे.

फळीबद्दल फार लिहायचा कंटाळा येतो, कारण ते उघड चोरीचं काम होतं. वरून गेलकोटचा, म्हणजे रंगीत रेझिनचा, जाड थर, खाली साधी कमर्शियल प्लाय, आणि कडेला फायबरची मॅट जुन्या रंगावरच चिकटवलेली. रंग खरवडून, घासून खालचं फायबर मोकळं केल्याशिवाय रेझिन धरत नाही. पत्रीने एक कोपरा उचलला तर मॅट पापुद्र्यासारखी निघाली. मरीन प्लाय घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा. त्या मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे, कमर्शियल प्लाय त्यापुढे टिकत नाही. शिक्का खोटाही असू शकतो, म्हणून कापलेला तुकडा मागून घ्या आणि घरी उकळा. घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा. बोट उतरवण्याआधी आणखी एक करा: एकाने बाहेरून पातं दोन्ही बाजूंना जोरात ढकलायचं आणि दुसऱ्याने आत फळीच्या कडेवर हाताचं बोट ठेवून बसायचं. बोटाला हालचाल जाणवली तर पैसे थांबवा.

ग्लँडमध्ये ग्रॅफाइटची काळी दोरी भरली होती. स्टेनलेस शाफ्टला ती नको, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइटमुळे शाफ्ट गंजून खाल्ला जातो. आम्ही टेफ्लॉनची दोरी भरून घेतली.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यावर ठेकेदाराने हायड्रॉलिकचे साडेसहा हजार लगेच परत केले, बाकीचे नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलाने एक गोष्ट आधीच बजावली: व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेली आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेल्या स्वयंरोजगाराला मात्र सूट आहे. समोरचा पहिला मुद्दा हाच काढणार. त्यामुळे बोट दोघं भाऊच चालवतो, हेच आमचं उत्पन्न आहे, याची कागदपत्रं आम्ही आधी गोळा केली. खरा आधार मात्र त्या व्हॉट्सॲप मेसेजचा आहे. बिलात नसलेलं 'डेल्रिन' तिथे त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे.

नवं काम दुसऱ्याकडून केलं. त्याच्या बिलावरची ओळ अशी आहे: 'ॲसिटल बुश ४, एसएस ३१६ शाफ्ट २, प्रयोगशाळेचा अहवाल जोडला आहे, आयएस ७१० प्लाय, जुने सुटे भाग मालकाला परत.' त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं बसलं. आयोगातली तारीख पुढच्या महिन्यात आहे.