सांता मारिया देल मार : बार्सिलोनाच्या जुन्या पेठेतलं गॉथिक कसं पाहावं

बार्सिलोनाला जाणारी मंडळी एका चर्चचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवतात, ते म्हणजे वास्तुकार गाउदीचं सग्रादा फामिलिया. ते पाहायलाच हवं. पण मध्ययुगीन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची उंच चर्च बांधण्याची शैली, समजून घ्यायचं असेल तर जुन्या शहरात, ला रिबेरा पेठेत, सांता मारिया देल मारला जायला हवं. गॉथिक इमारत वजन कसं पेलते हे डोळ्यांनी वाचता येतं अशा जागा युरोपात फार नाहीत, आणि ही त्यांतली अव्वल आहे.

पोचणं सोपं आहे. मेट्रोच्या पिवळ्या चार नंबरच्या लाइनवर जाउमे पहिला हे स्टेशन. बाहेर आलं की आर्जेंतेरिया नावाची गल्ली उताराने समुद्राच्या दिशेला जाते. त्या गल्लीतून पाच मिनिटं चालत राहिलं की समोर चर्चचा दर्शनी भाग उभा ठाकतो. या मेट्रोत आणि चर्चभोवतीच्या बोर्न भागातल्या गल्ल्यांत खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. मान वर करून इमारत पाहणारा माणूस हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. पाठीवरची सॅक पोटावर घ्या आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका.

बाहेरून पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची 'एवढंच?' अशी असते. मुंबईकराची तर हमखास. सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर पाहून डोळ्याला जे गॉथिक सवयीचं झालेलं असतं ते १९ व्या शतकातलं, इंग्रजी वळणाचं, कोरीवकामाने भरलेलं. इथे मोठ्या सपाट भिंती, आडव्या रेषा, वरती सपाट गच्ची आणि दोन अष्टकोनी मनोरे. पॅरिसच्या नोत्र दामला बाहेरून हवेत झेपावणाऱ्या आधारकमानी आहेत, त्या इथे जवळजवळ शोधाव्या लागतात. कातालान, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनिया प्रांताच्या, गॉथिकची रीतच ही. आधारभिंती इमारतीच्या पोटात घ्यायच्या, त्यांच्या मधल्या जागेत छोटी प्रार्थनाघरं बसवायची आणि बाहेरून भिंत सलग ठेवायची. बाजूच्या गल्लीतून फेरी मारताना ही भिंत मुद्दाम बघा. एका आधारभिंतीपासून दुसरीपर्यंत आत तीन-तीन प्रार्थनाघरं आहेत, आणि बाहेर त्याचा जेमतेम मागमूस लागतो.

आत शिरण्याआधी मुख्य दरवाजाच्या लाकडी फळ्यांपाशी थांबा. त्यांवर ब्राँझच्या दोन छोट्या आकृत्या जडवलेल्या आहेत : पाठीवर धोंडा घेऊन वाकलेले हमाल. हे बास्ताइशोस, म्हणजे बंदरावरचे ओझी वाहणारे. चर्चचा दगड मोंजुइक टेकडीच्या खाणीतून आला आणि तो इथवर आणण्याचं काम या हमालांनी केलं. राजा-बिशपांची चित्रं दारावर लावणं नेहमीचंच, पण मुख्य दारावर हमाल कोरलेलं चर्च विरळा. हे बांधकाम पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या आणि कारागिरांच्या पैशांतून व श्रमांतून उभं राहिलं, याची ही पावती आहे. आतल्या फरशीतही कारागीर संघांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांच्यावरून चालताना खाली नजर टाकत जा.

तारखा थोड्या लक्षात ठेवल्या तर पाहण्यात फरक पडतो. या जागी आधीपासून वाळूतली सांता मारिया नावाचं जुनं देऊळ होतं, कारण तेव्हा समुद्र पेठेला खेटून होता. आताच्या इमारतीची पहिली शिळा २५ मार्च १३२९ रोजी बसली. राजा आल्फोन्सो चौथा याच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. सार्दिनिया बेट जिंकून पाचेक वर्षं झाली होती आणि भूमध्य समुद्रावरचा व्यापार तेजीत होता. मुख्य वास्तुकार बेरेंगेर दे मोंतागुत आणि रामोन देसपुच. शेजारच्या फोसार नावाच्या चौकाच्या बाजूला असलेल्या दरवाजाजवळ भिंतीत बांधकाम सुरू झाल्याचे दोन शिलालेख आहेत, एक लॅटिनमध्ये आणि एक कातालानमध्ये. बहुतेक पर्यटक हे दार न बघताच जातात. १३७९ मध्ये परांचीला आग लागून काम खोळंबलं, तरीही छताचा शेवटचा दगड १३८३ मध्ये बसला. म्हणजे ५४ वर्षांत एवढं मोठं चर्च उभं राहिलं. गॉथिक चर्चना शतकं लागायची, पिढ्या बदलायच्या, प्रत्येक पिढी आपली हौस भागवून घ्यायची. इथे एकाच आराखड्यावर काम पुरं झालं, म्हणून आतली शिस्त कुठेही मोडत नाही. मनोऱ्यांनी मात्र वेळ घेतला : एक १४९६ मध्ये पुरा झाला, दुसरा थेट १९०२ मध्ये.

आता आतलं. दारातून दहा पावलं पुढे या आणि मधोमध उभे राहा. समोर अष्टकोनी खांब आहेत, जेमतेम १.६ मीटर जाडीचे, आणि दोन खांबांमधलं अंतर सुमारे १३ मीटर. मधल्या दालनाची रुंदीही तेवढीच, त्यामुळे छताचा प्रत्येक खण चौरस होतो. असे चार खण आणि पुढे वेदीभोवती खांबांचं अर्धवर्तुळ. बाजूची दालनं मधल्याच्या निम्म्या रुंदीची, पण उंचीला थोडीशीच कमी. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

कमानीचं छत खाली जसं दाबतं तसं बाहेरही रेटतं. फ्रान्समधल्या चर्चमध्ये मधलं दालन उंच आणि बाजूची ठेंगणी, म्हणून वरचा रेटा अडवायला बाहेरून उडत्या कमानी लावाव्या लागतात. इथे बाजूची दालनं जवळपास तेवढीच उंच असल्याने तीच मधल्या छताला दोन्हीकडून खांदा देतात, आणि उरलेला रेटा प्रार्थनाघरांमधल्या आधारभिंतींत उतरतो. खांबांवर मुख्यतः सरळ खाली येणारं वजन उरतं, म्हणून ते इतके सडपातळ आणि इतके दूर दूर चालतात. बाजूचं दालन उंच असल्यामुळे खिडक्याही वर जातात आणि उजेड वरून उतरतो. हे कळण्यासाठी पुस्तक लागत नाही. एखाद्या खांबाला पाठ लावा आणि वर बघत कमानीची एकेक फासळी, म्हणजे छताखालची दगडी पट्टी, भिंतीपर्यंत नजरेने सोडवत न्या. दोन-तीन फासळ्यांत रचना उलगडते.

मधल्या छताला प्रत्येक खणाच्या मधोमध भला थोरला कळीचा दगड आहे, म्हणजे फासळ्या जिथे एकत्र येतात तो दगड. वेदीवरच्या दगडावर मेरीचा राज्याभिषेक आहे, पुढे एकावर घोड्यावर बसलेला राजा, तर दाराकडच्यावर बार्सिलोना शहराचं चिन्ह. ते तीस मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने नुसत्या डोळ्यांना रंगीत ठिपके दिसतात. छोटी दुर्बीण सोबत असेल तर इथे तिचं सोनं होतं.

इथे सोन्याचा मुलामा, लाकडी कोरीव वेद्या, चित्रं का नाहीत, असा प्रश्न गोव्यातली चर्च पाहिलेल्या माणसाला पडतोच. होती. पुढच्या काळात इथेही बरोक, म्हणजे भपकेदार सजावटीच्या शैलीची, भव्य वेदी बसली होती. जुलै १९३६ मध्ये, स्पेनचं यादवी युद्ध सुरू होताना, चर्चला आग लावली गेली आणि ती ११ दिवस धुमसत राहिली. वेदी, ऑर्गन, गायनाची आसनं, सगळं जळालं. दगडी सांगाडा तेवढा टिकला. छताकडे नीट पाहिलं तर काजळीचा काळेपणा अजून दिसतो. नुकसान अपरिमित होतं यात शंका नाही. पण नंतर दुरुस्ती करणाऱ्यांनी खोटी सजावट परत चढवली नाही, हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. आज १४ व्या शतकातला आराखडा जितका स्वच्छ दिसतो तितका तो मधल्या कित्येक पिढ्यांना दिसला नसेल. वेदीपाशी आता १५ व्या शतकातली मेरीची दगडी मूर्ती आणि तिच्या पायाशी जुन्या कातालान जहाजाची प्रतिकृती आहे. बस, एवढंच. आणि ते पुरेसं आहे.

दर्शनी भागावरची मोठी चक्राकार खिडकी मूळची नाही. २ फेब्रुवारी १४२८ च्या भूकंपात पहिली कोसळली आणि खाली माणसं दगावली. आताची त्याच शतकात पुढे बसवलेली आहे. दगडी नक्षीच्या ज्वाळेसारख्या वळणांवरून ती उशिराच्या गॉथिकची आहे हे लगेच ओळखू येतं. बाजूच्या खिडक्यांतली बरीचशी काच नंतरच्या दुरुस्तीतली आहे. त्यांतल्या एकीत बार्सिलोना फुटबॉल क्लबचं चिमुकलं चिन्हही आहे, कारण क्लबने दुरुस्तीला वर्गणी दिली होती. फुटबॉलवेडी मुलं सोबत असतील तर त्यांना ते शोधायला लावा, आपल्याला निवांत अर्धा तास मिळतो.

वेळ कोणती गाठावी? दुपार कलल्यावर. दर्शनी भाग साधारण नैर्ऋत्येला तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात तीन-चारच्या सुमाराला आणि उन्हाळ्यात त्याहून उशिरा चक्राकार खिडकीतून ऊन आत येतं. सकाळी उजेड वेदीच्या बाजूने असतो, खांबांच्या कडा तेव्हा जास्त ठळक दिसतात. भर दुपारी बारा-एकला प्रकाश सपाट असतो आणि गर्दीही तेव्हाच, कारण मोंकादा गल्लीतलं पिकासो संग्रहालय उरकून लोक इकडे वळतात. खिडकीचा फोटो घेताना मोबाइल अंधाराकडे बघून उजेड वाढवतो आणि काच पांढरीफटक येते. स्क्रीनवर काचेलाच बोट लावून उजेड कमी करा, मग आजूबाजूचे खांब काळे पडले तरी चालतील. फ्लॅश वापरू नये.

तिकिटाची रीत अशी की प्रार्थनेसाठी येणाऱ्याला पैसे नाहीत, पर्यटक म्हणून पाहण्याच्या वेळेत आहेत. साधं तिकीट ५ युरोच्या आसपास, गच्ची, वरचे सज्जे आणि तळघर धरून साधारण दुप्पट. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चालते, तेव्हा फिरायला जाऊ नये. शनिवारी लग्नंही लागतात. जाण्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा बघून घ्याव्यात. बार्सेलोनेताचा समुद्रकिनारा चालत पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणून पुष्कळ लोक तसेच वाळूचे पाय आणि बनियन घेऊन येतात. खांदे झाकलेले असावेत आणि पोहण्याचे कपडे नसावेत, एवढं पाळलं की झालं.

गच्चीचे जादा पैसे द्यावेत का? गुडघे धड असतील तर नक्की. जिना मनोऱ्यातला, अरुंद, गोल फिरत जाणारा आहे. पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होतात, म्हणून पाय बाहेरच्या कडेला टाकावा आणि मोठी बॅग घेऊन चढू नये. चक्कर येणाऱ्यांनी आणि लहान मूल कडेवर असणाऱ्यांनी हा नाद सोडावा. वर शहराचं दृश्य आहेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वाटेत सज्जावरून छत जवळून दिसतं आणि खालच्या खांबांचं अंतर वरून मोजता येतं. पुण्या-मुंबईतल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी तर हे चुकवूच नये.

बाहेर पडताना शेजारच्या फोसार दे लेस मोरेरेस या लाल विटांच्या, किंचित उतरत्या चौकात जा. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात, १७१४ च्या वेढ्यात शहर लढवताना मेलेल्यांना इथे पुरलं होतं. वरची अखंड ज्योत २००१ मधली आहे. ११ सप्टेंबरला शहर पडलं, तोच कातालोनियाचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी इथे श्रद्धांजलीला लोटणारी गर्दी पाहता चर्च निवांत बघण्याचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. त्या पराभवानंतर किल्ल्यासाठी याच पेठेचा मोठा भाग पाडला गेला. चर्चच्या मागून निघणाऱ्या पासेच देल बोर्न रस्त्याच्या टोकाला १८७६ चा लोखंडी बाजार आहे, त्याच्या छताखाली त्या पाडलेल्या घरांची जोती आणि गल्ल्या खणून उघड्या ठेवल्या आहेत. चर्च आणि हे अवशेष एका दिवशी पाहिले तरच पेठ पूर्ण समजते.

आणि कॅथेड्रल? गॉथिक पेठेतलं मुख्य कॅथेड्रल १२९८ मध्ये सुरू झालं. आत गायनाची कोरीव आसनं मधोमध आहेत, आवारात १३ पांढरे हंस आहेत, ते छानच आहे. पण त्याचा दर्शनी भाग १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला बांधलेला, आणि जवळच्या गल्लीवरचा सगळे फोटो काढतात तो पूल १९२८ चा. आसनांच्या त्या खोलीमुळे आतली लांबीही एका नजरेत येत नाही, तिकीटही जास्त. हाताशी एकच सकाळ किंवा दुपार असेल तर सांता मारिया देल मार निवडावं. तासभर पुरतो, गच्चीसह दीड.

जेवणाचं वेळापत्रक मात्र सांभाळा. आसपासच्या बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरं चारच्या सुमाराला बंद होतात आणि रात्री आठपर्यंत उघडत नाहीत. नेमकं तेव्हाच तुम्ही उन्हाची खिडकी पाहून बाहेर पडाल. तेव्हा आधी जेवून घ्या. शाकाहाऱ्यांनी टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा, पातातास ब्रावास मागवावं. बोंबा नावाच्या बटाट्याच्या गोळ्यात मांस असतं आणि तोर्तियात अंडं.