आडवे बोअर: पैसे फुटाचे, पाणी थराचे

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या जुन्या विहिरींनी उन्हाळ्यात तळ दाखवला की आडवे बोअर, म्हणजे विहिरीच्या आतून भिंतीत आडवी लांब छिद्रं, मारणाऱ्या टोळ्यांना उसंत नसते. सुरुंग लावून विहीर आणखी खोल नेण्यापेक्षा हे काम स्वस्त, दोन-तीन दिवसांत उरकणारं. काम चांगलं, दर लावायची रीत मात्र वाकडी. टोळी फुटावर पैसे घेते, म्हणून तिला भराभर जाणारा मऊ थर आवडतो.

आणि नेमका तोच नको असतो. आपल्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा गेरूसारखा लाल मातीचा पट्टा असतो. तो पाणी खाली सोडत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावरच्या भेगाळ, भोकाभोकांच्या खडकात पाणी अडून राहतं. मशीन तिथं बसवायचं. पट्ट्यातच घुसलात तर दिवसात भरपूर फूट होतात, पण छिद्र ढासळतं आणि हाती लागतो गाळ. सलग काळ्या पाषाणात तर कितीही आत जा, भेग लागली नाही तर कोरडंच.

विहीर पूर्ण उपसून रात्रभर ठेवा. सकाळी ओलीची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसते. चुन्याची खूण तिथेच करा. समोरच्या भिंतीला जॅकने रेटा दिलेला असल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. ते हललं की छिद्र वाकतं, रॉड अडकतो, त्याच्या टोकाचं खडक फोडणारं बिट आतच राहतं. शंभर फुटांना फूट-दीड फूट चढ हवा, म्हणजे चुरा आणि पाणी आपोआप बाहेर येतं. दिशा ओढ्याकडची किंवा चढावरची. शेजाऱ्याच्या विहिरीकडची नको, नाहीतर पाण्याआधी भांडण लागतं. ठिसूळ भागात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप त्याच दिवशी सरकवायचा.

खानापूरकडच्या जांभ्यात वेगळी गंमत: छिद्र धुवायला सोडलेलं पाणी पोकळ्यांत गडप होतं, चुरा बाहेर येत नाही आणि रॉड जाम होतो. तिथं सावकाश जाणारी, दर रॉडला छिद्र साफ करणारी टोळीच बघा.

डिझेल इंजिन विहिरीत कधीच उतरवायचं नाही, धूर तळाशी कोंडून माणूस जातो. मोटरच्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

बोअरची लांबी रॉड बाहेर काढताना ते मोजून ठरवा, टोळीच्या वहीवरून नको. पाण्याचं मापही सोपं आहे. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. बोअरच्या आदल्या दिवशी आणि आठवड्यानंतर, दोन्ही वेळा विहीर तळापर्यंत उपसून १२ तासांत किती फूट चढलं ते टेपने बघा. निम्मे पैसे या दुसऱ्या मापानंतर द्यायचे, हे आधीच बोलून घ्या. याला तयार होणारी टोळी थर बघूनच मशीन लावते.