सिंगापुरात जेवायचं कुठे: हॉकर सेंटर की एसी हॉटेल?

व्हिसा आला, तिकिटं झाली, सेंटोसाचं बुकिंग झालं, की उरलेला प्रश्न कुणी काढतच नाही आणि तिथे पोचल्यावर तोच दिवसातून तीनदा छळतो: जेवायचं कुठे? माझा मेव्हणा येत्या सुट्टीत सहकुटुंब सिंगापूरला चाललाय, सोबत आमच्या सासूबाई. परवा फोन करून त्यानं हेच विचारलं. मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला आम्ही दोघं आणि मुलगी होतो, दुसऱ्या खेपेला आईही होती. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. आम्ही तिघं पानात पडेल ते खाणारे. त्यामुळे एसी हॉटेलं आणि हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली मांडलेले फेरीवाल्यांचे खाण्याचे गाळे, अशा दोन्ही बाजूंचा अनुभव गाठीशी आहे. तोच सांगतो, तराजूनं मोजून काही आणलेलं नाही.

आधी एसी हॉटेलांची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. लिटल इंडियात सेरंगून रोडच्या आसपास शाकाहारी हॉटेलांची रांगच आहे. आनंद भवन 1924 पासूनचं, कोमला विलास 1947 चं. म्हणजे आपल्यासारखे पर्यटक यायच्या कितीतरी आधी इथे राहणाऱ्यांसाठी ही हॉटेलं चालू झाली. डोसा, भात, सांबार, स्टीलच्या पेल्यातली कॉफी. पहिल्या संध्याकाळी विमानाच्या जेवणानं वैतागलेल्या आईपुढे सांबार-भात आला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. काय घातलंय, कशात तळलंय, कुणाला विचारायची गरज नाही. ज्यांच्या घरी हाच प्रश्न सर्वात मोठा आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

पण माणूस रोज सेरंगून रोडला परत येत नाही. दिवसभर मरिना बे, नदीकाठ, ऑर्चर्ड रोड फिरून पाय मोडलेले असतात आणि समोर दिसेल त्या भारतीय हॉटेलात शिरावंसं वाटतं. तिथे माझं बिनसलं.

दुसऱ्या खेपेला नदीकाठच्या अशाच एका हॉटेलात शिरलो. नाव घेत नाही, कारण त्यांनी नियमाबाहेर काहीच केलं नाही. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे आकडा आणि आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं. मी ती पाहिली, पण बायकोला वाटलं तिखटाचं प्रमाण असेल. मनातल्या मनात बेरीज केली, 92 सिंगापुरी डॉलर. बसल्या बसल्या वेटरनं पापड आणि ओले टिश्यू आणून ठेवले होते, त्यांचे 6 डॉलर वेगळे. झाले 98. त्यावर 10 टक्के सेवाशुल्क. आणि या सेवाशुल्कासकटच्या रकमेवर 9 टक्के जीएसटी. हातात बिल आलं ते शंभरावर साडेसतरा डॉलरचं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडेही जीएसटी बिलातच येतो. येतो, पण साध्या हॉटेलात तो 5 टक्के असतो आणि त्याची सवय आहे. इथे दोन्ही मिळून जवळपास 20 टक्के होतात. गंमत म्हणजे सिंगापुरात दुकानदारानं करासकट किंमत लावायची हा नियम आहे, सूट आहे ती सेवाशुल्क घेणाऱ्या हॉटेलांना. पैशांचं म्हणाल तर सहलीत तेवढं इकडेतिकडे होतंच. मला खटकलं ते वेगळंच. त्या दिवसापासून आई मेनूकार्ड उघडून आधी आकडे वाचायला लागली. प्रत्येक पदार्थाला पाचवा हिस्सा मिळवून, त्याचे रुपये करून, मग म्हणायची, "मला भूक नाहीये फारशी." तिला भूक होती. परदेशात नेऊन आईला अर्धपोटी उठवायचं, हे काही मला जमेना. सगळीच हॉटेलं अशी नसतात, कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघून घ्यावं. पण जेवायला बसण्याआधी तळाची अक्षरं वाचावी लागणं हाच माझ्या लेखी निकाल होता.

हॉकर सेंटरमध्ये फलकावर 5 लिहिलंय म्हणजे 5 द्यायचे. बस्स.

हॉकर सेंटर आता सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेलं असतं, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. रस्त्यावरचे फेरीवाले तिथल्या सरकारनं छपराखाली आणले, पाणी-सांडपाण्याची सोय करून दिली. बरीचशी सेंटरं 1970 आणि 80 च्या दशकांतली आहेत. 2020 मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. आपल्याकडे फेरीवाला धोरणाच्या बैठका कधीपासून चालू आहेत, ते असो.

त्रास इथेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एसी नाही, डोक्यावर पंखे, दुपारी एक वाजता घामाच्या धारा. रोख पैसे लागतात. स्थानिक लोक फोननं क्यूआर स्कॅन करून मोकळे होतात, आपण खिशात नाणी चाचपत उभे. गाळेवाले आपल्या मर्जीनं सुट्टी घेतात, सोमवारी तर अर्धी शटरं खाली दिसतात. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला तळमजल्यावरच मासळी-मटणाचा बाजार आहे, शाकाहारी नाकाला तो आधीच कळतो. आईनं पदर नाकाला लावला तो थेट खायच्या बाजूला पोचल्यावरच काढला.

जागा पकडायची पद्धत मात्र आपल्याला शिकवावी लागत नाही. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं, याला तिथे 'चोप' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना यात नवल काय! मुलीला समजावायला गेलो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वारगेटला करता तेच ना?" जेवून झाल्यावर ट्रे आपला आपण नेऊन ठेवायचा. 2021 पासून ही सक्ती आहे, दंडही होतो. हलाल आणि इतर ट्रेंचे रॅक बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, तेवढं बघून ठेवावं.

शाकाहाराचं काय, हा खरा मुद्दा. साध्या चिनी गाळ्यावर 'वेज नूडल्स' मागू नका. कढई तीच, डुकराची चरबी तीच. चिनी अक्षरांत '素食' लिहिलेला गाळा शोधायचा, तो बौद्ध पद्धतीचा शाकाहारी. मी मोठ्या रुबाबात आईला अशा गाळ्यावर नेलं. काचेमागे परातींत भाज्या, शेवया आणि शेजारी चक्क कोंबडीचे तुकडे, कातडीसकट. आई दोन पावलं मागे सरली. "अरे, कुठे आणलंस मला?" गाळ्यावरची बाई आईच्याच वयाची. ती हसून म्हणाली, "नो मीट, आंटी, ऑल वेज, ऑल वेज." ते सगळं सोयाबीन आणि गव्हाच्या चिवट पिठाचं होतं, वर करकरीत कातडी म्हणून टोफूचा पापुद्रा. आईनं तो तुकडा घेतला नाहीच, पण शेवया, कोबी आणि भोपळा घेतला. मग मी सांगितलं की यांच्याकडे बहुतेकदा कांदा-लसूणही नसतो. आई एकदम खुश, "म्हणजे चातुर्मासच की!" पुढे दोनदा तिनंच तो गाळा शोधायला लावला. काही ठिकाणी अंडं असतं, ते मात्र विचारून घ्यावं. परातीतलं हवं ते बोटानं दाखवायचं, जितके पदार्थ तितके पैसे. आम्हाला पोटभर ताट 4 ते 6 डॉलरला पडलं.

टेक्काला तर भाषेचाही प्रश्न नाही. तिथे 'पुट्टू मायम' म्हणून एक पदार्थ मिळतो. तांदळाच्या शेवयांची चकती, वर ओलं खोबरं आणि साखर. आईचं माहेर कुडाळचं. तिनं एक घास घेतला आणि थांबली. "हे शिरवाळेच आहेत. रस विसरले वाटतं." नारळाच्या गुळमट रसाशिवाय शिरवाळे ही तिच्या हिशेबी अर्धवट कामगिरी, तरी दोन चकत्या संपवल्या. एसी हॉटेलात तिनं हा पदार्थ मागवलाच नसता, कारण मेनूकार्डात ओळखीची नावं सोडून ती पुढे जात नाही. इथे तो डोळ्यांसमोर वाफाळत होता.

चहाची एक युक्ती. नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोडमिट्ट चहा येतो. 'तेह-ओ' बिनदुधाचा पण साखरेचा, 'तेह-सी' आटवलेल्या दुधाचा. साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग' जोडायचं. आईला मधुमेह आहे. चौथ्या दिवशी ती रांगेत माझ्यापुढे उभी राहून कुडाळी हेल काढून "तेऽह सी कोसोंग" म्हणाली आणि चहा बरोबर आला.

किराण्याचं थोडक्यात. मुस्तफा सेंटर बघण्यासारखं आहे, डाळी, पिठं, पापड सगळं एका छताखाली, पण दह्याच्या डब्यासाठी तिथे जाऊ नका. आम्ही त्यात हरवून पाऊण तासानं बाहेर आलो, हातात दही सोडून सगळं. रोजच्या केळी-दूध-ब्रेडला राहत्या जागेजवळचं फेअरप्राइस पुरतं. कामगार संघटनेनं 1973 मध्ये महागाईवर उतारा म्हणून काढलेली ही सहकारी दुकानं, आपल्या अपना बाजाराच्या जातकुळीची. जुलै 2023 पासून पिशवीचे पैसे पडतात, कापडी पिशवी न्यावी. पाणी नळाचंच प्यावं, बाटल्या विकत घेऊ नयेत. आणि मेट्रोत केळंसुद्धा सोलू नका, खाल्ल्यास 500 डॉलरपर्यंत दंड आहे.

मेव्हण्याला मी एवढंच सुचवलं की पहिली संध्याकाळ सेरंगून रोडवर घालव, म्हणजे सासूबाई निर्धास्त होतील. दुसऱ्या दिवसापासून टेक्का धर. दुपार टाळ, सकाळी नाहीतर सहाच्या पुढे जा. त्यांना उकाडा सोसवत नसेल तर माझा आग्रह नाही, मॉलमधली फूड कोर्टंही आहेत, थोडी महाग पण गार.

फोन ठेवायच्या आधी मागून सासूबाईंचा आवाज आला, "पोळी मिळते का तिथे, विचार." टेक्काला उत्तर भारतीय गाळ्यांवर मिळते. फक्त चपाती म्हणायचं, पोळी म्हटलं तर कुणाला कळणार नाही.